३.४ हर्ट्झचं टोक: ते कशाचं, आणि खरं कशावरून?

औंढा तालुक्यातल्या एका एम.एस्सी.च्या विद्यार्थ्याने प्रकल्पासाठी भारताच्या खगोल-उपग्रहाचा, म्हणजे अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा उघडला आहे. जीआरएस १९१५+१०५ या कृष्णविवर असलेल्या जोडताऱ्याचा, २०१७ सालचा, लॅक्सपीसी या उपकरणाने घेतलेला. पॉवर स्पेक्ट्रम, म्हणजे कोणत्या वारंवारतेचा चढउतार किती बळकट आहे याचा आलेख, काढल्यावर त्याला ३.४ हर्ट्झवर एक उंच टोक दिसलं आणि ६.८ वर एक बुटकं. त्याने विचारलंय: "मॅडम, हा कृष्णविवराच्या फिरण्याचा वेग समजायचा का? टोक खरं आहे हे कशावरून ठरवायचं? आणि या विषयात आता नवीन काही उरलंय का, की सगळं नासाच्या रॉसी या क्ष-किरण उपग्रहाच्या काळातच होऊन गेलं?"

पहिल्या प्रश्नाचं उत्तर "नाही" असं आहे, आणि ते का हे तुला तुझ्याच डेटात पाहता येईल. आज ३.४ वर दिसणारं टोक पुढच्या निरीक्षणात २ वर किंवा ५ वर सरकलेलं सापडेल. या एकाच वस्तूत ते अर्ध्या हर्ट्झपासून दहा हर्ट्झपर्यंत हिंडताना नोंदलं गेलं आहे, कधी कधी तर काही तासांत सरकताना. सूर्याच्या बारा पट वस्तुमानाचं कृष्णविवर स्वतःभोवती फिरण्याचा वेग असा दिवसागणिक बदलू शकत नाही. शिवाय कृष्णविवराला पृष्ठभाग नाही. न्यूट्रॉन ताऱ्यावर एखादा तापलेला ठिपका असतो, तो फिरत समोर आला की स्पंद दिसतो. कृष्णविवरावर तसा ठिपका बसायला जागाच नाही. म्हणून तुला जे दिसतंय ते कृष्णविवराच्या भोवतालच्या पदार्थाचं दिसतंय.

हा भोवतालचा पदार्थ समजून घ्यायला मला माझ्या आजीचं जातं नेहमी उपयोगी पडलं. आम्ही गंगाखेडचे. पहाटे अंधारात आजी आणि काकू दळायला बसायच्या आणि आम्ही पोरं अंथरुणात पडून घरघर ऐकायचो. जातं दिसायचं नाही, पण आवाजावरून बरंच कळायचं: एकीचा हात आहे की दोघींचा, ज्वारी आहे की डाळ भरडतायत, वैरण, म्हणजे दाण्यांची मूठ, नुकतीच घातलीय की पाळू रिकामं फिरतंय. आपण क्ष-किरण दुर्बिणीने नेमकं हेच करतो. जीआरएस १९१५+१०५ आपल्यापासून सुमारे २८ हजार प्रकाशवर्षांवर आहे. तिथली वायूची तबकडी दिसेल अशी कोणतीही क्ष-किरण दुर्बीण आज नाही. पोचतो तो फक्त फोटॉनचा कमी-जास्त होणारा ओघ. त्या चढउतारावरून जात्याचा अंदाज बांधायचा. फरक एवढाच, की जात्यात दाणा मधोमध पडतो आणि पीठ कडेने बाहेर येतं. इथे सगळं उलटं आहे. सोबतच्या ताऱ्याकडून ओढलेला वायू कडेने येतो, फिरत फिरत आत सरकतो, घर्षणाने एखाद-दोन कोटी अंशांपर्यंत तापतो आणि मध्ये नाहीसा होतो.

अशा टोकाला क्यूपीओ, म्हणजे जवळजवळ आवर्ती आंदोलन, म्हणतात. त्यातला "जवळजवळ आवर्ती" हा भागही जात्यानेच समजतो. आजीचा एक फेरा साधारण दोन सेकंदांचा. पाच फेऱ्यांनंतर खुंटा कुठे असेल हे मी सांगू शकले असते, पन्नास फेऱ्यांनंतर नाही. हात कधी थोडा रेंगाळतो, कधी घाई करतो, आणि हे छोटे फरक साठत जातात. लय ओळखू येते, पण घड्याळ लावता येत नाही. पल्सारचं, म्हणजे नेमाने स्पंद देणाऱ्या न्यूट्रॉन ताऱ्याचं, टोक पॉवर स्पेक्ट्रममध्ये सुईसारखं बारीक येतं, कारण तिथे घड्याळ आहे. तुझ्या टोकाला रुंदी आहे, आणि ती रुंदीच सांगते की किती फेऱ्यांपर्यंत लय टिकते. मधली वारंवारता भागिले अर्ध्या उंचीवरची रुंदी, याला आपण क्यू म्हणतो. तुझ्या टोकाची रुंदी ०.३४ हर्ट्झच्या आसपास असेल तर क्यू १० झाला. क्यू २ पेक्षा कमी असेल तर त्या उंचवट्याला क्यूपीओ म्हणायचं नाही, तो नुसता रुंद गोंगाट समजायचा, असा रिवाज आहे.

आता ६.८ चं बुटकं टोक. ते वेगळं काही नाही, ३.४ ची दुप्पट आहे. चढउताराचा आकार शुद्ध साइन लहरीसारखा नसून थोडा वाकडा आहे, एवढंच ते सांगतं. पण ते असणं फार चांगलं लक्षण आहे. दोन्ही टोकं स्वतंत्रपणे फिट कर, गुणोत्तर २ ला धरून ठेवू नकोस. मोजमापातल्या संभाव्य चुकीच्या मर्यादेत ते आपसूक २ आलं तर खात्री वाढते.

ही खात्रीची बाब मी थोडी लांबवणार आहे, कारण इथेच माझे दोन आठवडे एकदा वाया गेले होते. काम नव्याने सुरू केलं होतं. लाइट कर्व्ह, म्हणजे वेळेनुसार तेजाचा आलेख, मी ०.१ सेकंदाच्या बिनने (फोटॉन मोजायच्या वेळेच्या खणाने) काढला, कारण उदाहरणात तसं होतं. ३.१ हर्ट्झवर सुंदर टोक आणि त्याच्या शेजारी ३.८ वर एक छोटा उंचवटा. जोडटोक! मी त्यावर पानंच्या पानं लिहिली, दोन आंदोलनं कशी एकत्र असू शकतील याचे तर्क केले. मग एका रात्री लाइट गेली, सगळं परत चालवावं लागलं, आणि परत चालवताना बिन ०.०१ ठेवला. ३.८ चा उंचवटा गायब. तो ६.२ वर जाऊन बसला होता, दुपटीच्या जागेवर, जिथे तो मुळात होता. ०.१ सेकंदाच्या बिनने फक्त ५ हर्ट्झपर्यंतचंच दिसतं. त्यापलीकडचं जे असतं ते दुमडून आत येतं, १० वजा ६.२ बरोबर ३.८. पुस्तकात हे मी शिकलेली होते, शिकवतही होते. स्वतःच्या आलेखात ओळखू शकले नाही. म्हणून तुला आधी विचारते: तुझा बिन किती आहे? माझी शिफारस १/१२८ सेकंदाची. म्हणजे ६४ हर्ट्झपर्यंत दिसेल. तुकडे १६ सेकंदांचे घे. प्रत्येकात २०४८ बिन येतील आणि वारंवारतेतली पायरी ०.०६२५ हर्ट्झ राहील. ०.३४ रुंदीचं टोक मग पाच-सहा पायऱ्यांवर पसरेल, फिट करायला पुरेसं.

एका तुकड्याच्या पॉवर स्पेक्ट्रमवर कधीच विश्वास ठेवू नकोस. तिथे प्रत्येक बिंदूची चूक त्या बिंदूएवढीच असते. तुकडा कितीही लांब घेतला तरी ती कमी होत नाही, हे नवख्यांना पटत नाही. सरासरी घेतली तरच ती कमी होते. दोन हजार सेकंदांच्या डेटाचे १६ सेकंदांचे १२५ तुकडे होतात, त्यांची सरासरी घेतली की चूक ११ पटीने उतरते. लीही पद्धतीच्या मापात (पॉवर मोजायची ही एक रूढ पट्टी) फोटॉनच्या निव्वळ यादृच्छिक येण्याची पातळी २ असते, म्हणजे आता ती साधारण ०.१८ ने वरखाली होईल. तुझं टोक ३० किंवा ४० वर असेल तर शंकेला जागा नाही. २.५ वर असेल तर थांबायचं, आणि आपण किती वारंवारता तपासल्या त्यांचाही हिशोब धरायचा, कारण पाचशे ठिकाणी शोधलं की कुठेतरी काहीतरी उंच मिळतंच.

२ ही पातळी मात्र तुझ्याकडे तंतोतंत २ येणार नाही, थोडी खाली येईल. घाबरू नकोस. लॅक्सपीसी एक फोटॉन नोंदवल्यावर सुमारे ४२ मायक्रोसेकंद दुसरा घेत नाही. स्रोत तेजस्वी असेल, सेकंदाला हजारो फोटॉन येत असतील, तर हा "बंद" वेळ जमा होतो आणि गोंगाट थोडा दबतो. ३.४ हर्ट्झच्या टोकाला याने काही होत नाही, पण आरएमएस, म्हणजे चढउताराचा सरासरी आकार, काढताना ही पातळी वजा करायची असते, म्हणून ती उंच वारंवारतेवरून प्रत्यक्ष मोज. गृहीत धरू नकोस.

अ‍ॅस्ट्रोसॅट ६५० किलोमीटर उंचीवर आहे, पृथ्वीभोवती एका फेरीला दीड तासाहून थोडा जास्त वेळ लागतो, आणि प्रत्येक फेरीत स्रोत काही काळ पृथ्वीआड जातो. त्या खंडांवरून तुकडा ओढू नकोस. खंडात शून्य भरून पॉवर स्पेक्ट्रम काढला की कमी वारंवारतेला खोटी ताकद चढते. उलट, पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या गतीची दुरुस्ती या कामासाठी केली नाहीस तरी चालेल. तिचा परिणाम दहा हजारात एक भागाएवढा, आणि तुझं टोक दहात एक भाग रुंद. मुलं त्या दुरुस्तीत आठवडा घालवतात, म्हणून सांगितलं.

समज, टोक खरं ठरलं. आता ते कशाचं?

इथे मी तुला आधी एक गणित करायला सांगेन. पदार्थ कृष्णविवराभोवती ३.४ हर्ट्झने, म्हणजे सेकंदाला ३.४ फेऱ्यांनी, नेमका किती अंतरावर फिरेल? न फिरणाऱ्या कृष्णविवरासाठी सगळ्यात आतली स्थिर कक्षा त्याच्या गुरुत्व-त्रिज्येच्या (वस्तुमानावरून ठरणाऱ्या लांबीच्या) सहा पट असते, आणि तिथली वारंवारता २२०० भागिले सौर वस्तुमानांतलं वस्तुमान. १२.४ सौर वस्तुमान धरलं तर ११० किलोमीटरवर सुमारे १७७ हर्ट्झ. वारंवारता अंतराच्या दीड घाताने उतरते, म्हणून ३.४ हर्ट्झसाठी तू सुमारे १५०० किलोमीटरवर जातोस. आता दुसरं एक काम कर: डेटा ऊर्जेप्रमाणे वेगळा काढ. ३ ते ६ केईव्ही (हे फोटॉनच्या ऊर्जेचं एकक), ६ ते १०, १० ते २०. प्रत्येकात टोकाचा आरएमएस मोज. तुला दिसेल की ऊर्जा वाढते तसा तो वाढतो, निदान दहा-पंधरा केईव्हीपर्यंत. १५०० किलोमीटरवरची तबकडी इतकी गरम नसते की २० केईव्हीचे फोटॉन देईल. ते येतात आतल्या, फार तप्त, विरळ वायूतून, ज्याला आपण कोरोना म्हणतो. तबकडीचे मऊ, म्हणजे कमी ऊर्जेचे, फोटॉन तिथल्या इलेक्ट्रॉनांवर आपटून ऊर्जा घेतात. म्हणजे डोलतोय तो कोरोना, पण डोलण्याचा वेग मात्र बाहेरच्या अंतराचा. हा विसंवाद नीट डोक्यात ठेव, कारण क्यूपीओवरचं निम्मं भांडण याच एका गोष्टीवर आहे.

एक तोडगा भोवऱ्याचा. भोवरा स्वतःभोवती झरझर फिरतो, पण त्याचा आस सावकाश डुलतो. १९१८ मध्ये योसेफ लेन्स आणि हान्स थिरिंग यांनी दाखवलं की फिरणारी वस्तू आपल्याभोवतीचं अवकाशच थोडं ओढून नेते, आणि तिच्याभोवतीची तिरपी कक्षा त्यामुळे डुलते. १९९८ मध्ये स्टेला आणि व्हिएत्री यांनी हा परिणाम क्यूपीओला लावला. २००९ मध्ये इन्ग्राम, डन आणि फ्रॅजाइल यांनी मांडलं की एखादी कक्षाच डुलते असं नाही, आतला सगळा गरम प्रवाह एकसंध डुलतो. तबकडीची आतली कड बाहेर असेल तर गरम प्रवाह मोठा, डुलणं सावकाश; कड आत सरकली की प्रवाह छोटा, डुलणं जलद. उद्रेक चढताना, म्हणजे स्रोताचं तेज एकदम वाढत जाताना, क्यूपीओ वर सरकतो तो असा. विसंवादही सुटतो, कारण डुलणाऱ्या वस्तूचा वेग आणि तिची उष्णता या दोन वेगळ्या गोष्टी झाल्या. याला एक चांगला पुरावा २०१६ मध्ये मिळाला: एच १७४३-३२२ या दुसऱ्या कृष्णविवराच्या जोडताऱ्यात लोहाच्या वर्णरेषेची ऊर्जा क्यूपीओच्या एका फेऱ्यात पुढेमागे होताना दिसली, जणू डुलणारा दिवा तबकडीची आधी आपल्याकडे येणारी आणि मग दूर जाणारी बाजू उजळतोय. आडव्या, म्हणजे कडेने दिसणाऱ्या, जोडताऱ्यांत तुझ्यासारखं टोक जास्त बळकट दिसतं, हेही भूमितीच्या बाजूने जातं.

माझं मत विचारशील तर, डुलणं हे आजचं सगळ्यात कामाचं चित्र आहे, पण मी ते शेवटचं मानत नाही. कोलकात्यात चक्रवर्ती आणि सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकापासून प्रवाहात तयार होणारा आघात-थर मागेपुढे हलतो हे चित्र मांडलं आहे. २०२० मध्ये पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले रणजीव मिश्रा आणि सहकाऱ्यांनी याच जीआरएस १९१५+१०५ च्या अ‍ॅस्ट्रोसॅट डेटावर दाखवलं की क्यूपीओची वारंवारता तबकडीच्या आतल्या कडेच्या त्रिज्येशी आणि तिच्यात पडणाऱ्या वस्तुमानाच्या दराशी ज्या रीतीने बांधलेली दिसते ती सापेक्षतावादी गतिक वारंवारतेशी (त्या कडेपासून ध्वनिवेगाने आत पोचायच्या वेळेवरून ठरणाऱ्या वारंवारतेशी) जुळते. त्यांचा निबंध मी विद्यार्थ्यांना मुद्दाम वाचायला लावते, कारण त्यात वारंवारता एकटी घेतलेली नाही. वर्णपटातून मिळालेली त्रिज्या तिच्या शेजारी ठेवली आहे. आणि मग स्विफ्ट जे१७२७.८-१६१३ हा नवा कृष्णविवर-जोडतारा आला. ऑगस्ट २०२३ चा प्रचंड उद्रेक. त्यात ध्रुवीकरण (प्रकाशलहरींचं एकाच दिशेत कंप पावणं) मोजणाऱ्या आयएक्सपीई उपग्रहाने सुमारे ४ टक्के ध्रुवीकरण पाहिलं. कोरोना भोवऱ्यासारखा डुलत असेल तर ध्रुवीकरणाची दिशा क्यूपीओच्या फेऱ्यासोबत डुलायला हवी होती. शोधली, सापडली नाही. एका स्रोतावरून चित्र मोडत नाही, पण डुलणं गृहीत धरून कोणी पुढचं बांधकाम करत असेल तर मी त्याला थांबून पुन्हा बघायला सांगेन.

म्हणून तुझ्या प्रबंधात "३.४ हर्ट्झचा क्यूपीओ सापडला" हे वाक्य एकटं लिहू नकोस. त्याचा शेजार लिही. टोकाच्या डावीकडे सपाट पठारासारखा गोंगाट आहे का? तो असेल, टोक अरुंद असेल, आरएमएस दहा टक्क्यांच्या वर असेल, तर क्यूपीओच्या ए, बी, सी या तीन प्रकारांपैकी हा सी प्रकार. गोंगाट जवळजवळ नाही, टोक ५-६ हर्ट्झच्या आसपास अडून बसलेलं आणि आरएमएस चारेक टक्के, तर बी प्रकार. तो बऱ्याचदा जेट, म्हणजे बाहेर फेकला जाणारा पदार्थाचा झोत, उसळण्याच्या सुमाराला दिसतो. ए प्रकार ६ ते ८ हर्ट्झचा, रुंद, क्षीण, ओळखायला अवघड. तुझं वर्णन ऐकून मला सी वाटतो. पण पठार न पाहता मी तसं लिहून देणार नाही.

फेज लॅगही काढ. कठीण, म्हणजे जास्त ऊर्जेच्या, फोटॉनांची लय मऊ फोटॉनांच्या पुढे आहे की मागे? याच वस्तूत रॉसीच्या डेटावरून २००० सालीच कळलं होतं की क्यूपीओ साधारण २ हर्ट्झच्या खाली असला तर कठीण फोटॉन मागे असतात, वर असला तर मऊ फोटॉन मागे पडतात. तुझा ३.४ आहे, म्हणजे मऊ मागे यायला हवेत. आले तर तुझी सगळी साखळी, बिनपासून ऊर्जेच्या विभागणीपर्यंत, बरोबर चालतेय याची ती फार चांगली परीक्षा आहे. उलट आले तर आधी वजाबाकीची दिशा तपास, नंतर निसर्गाची.

गोंगाटालाही कमी लेखू नकोस. १९७१ मध्ये उहुरु उपग्रहाने सिग्नस एक्स-१ मध्ये सेकंदाहून कमी वेळात चढउतार पाहिले, आणि एवढ्या वेगाने बदलणारी वस्तू फार लहान असली पाहिजे हे तिथूनच सुचलं. त्या गोंगाटात एक शिस्त आहे: सरासरी तेज वाढलं की चढउताराचा आकार त्याच प्रमाणात वाढतो. वेगवेगळ्या ठिणग्या एकावर एक पडून असं होत नाही. बाहेर, सावकाश भागात, पदार्थाचा ओघ कमी-जास्त होतो. तो फरक आत सरकताना आतल्या जलद फरकांनी गुणला जातो. म्हणजे वैरण घालणाऱ्या हाताचा कमी-जास्तपणा खुंट्यापर्यंत पोचतो. तुझ्याच डेटातून एक-एक सेकंदाचे तुकडे घेऊन आरएमएस विरुद्ध सरासरी काढ, सरळ रेष येईल. एका संध्याकाळचं काम आहे आणि दर वर्षी कोणीतरी ते काढून दाखवलं की मला त्याच आनंदाने बघावंसं वाटतं.

"फिरण्याचा वेग" ही तुझी कल्पना अगदीच निराधार मात्र नाही. तिची जागा वेगळ्या टोकांत आहे. याच वस्तूत १९९७ मध्ये ६७ हर्ट्झचा क्यूपीओ जाहीर झाला, आणि तो तेज कितीही बदललं तरी फारसा हलत नाही. जीआरओ जे१६५५-४० या दुसऱ्या कृष्णविवर-जोडताऱ्यात ३०० आणि ४५०, म्हणजे दोनास तीन. एक्सटीई जे१५५०-५६४ मध्ये १८४ आणि २७६, पुन्हा तेच गुणोत्तर. न हलणारी वारंवारता वस्तुमान आणि फिरकीशीच बांधलेली असण्याची शक्यता जास्त. जीआरओ जे१६५५-४० मध्ये उच्च वारंवारतेचे दोन आणि एक सी प्रकारचा असे तीन क्यूपीओ एकत्र वापरून २०१४ मध्ये वस्तुमान ५.३ सौर वस्तुमानाच्या आसपास काढलं गेलं, आणि प्रकाशीय दुर्बिणीने ताऱ्याची गती मोजून आलेल्या आकड्याशी ते जुळलं. फिरकीचा आकडा मात्र वर्णपटातून येणाऱ्या आकड्याशी जुळत नाही. तिथे काहीतरी आपल्याला अजून नीट कळलेलं नाही.

अशी उंच वारंवारतेची टोकं बघायची असतील तर लॅक्सपीसीसारखं साधन नाही. झेनॉन वायूने भरलेल्या मोठ्या पेट्या, दहा मायक्रोसेकंदांपर्यंत वेळ टिपणाऱ्या, मुंबईच्या टीआयएफआर या संशोधन संस्थेत बनलेल्या. आणि या वस्तूशी आपलं नातं त्याआधीचं आहे. १९९६ मध्ये आयआरएस-पी३ या दूरसंवेदन उपग्रहावर आपण क्ष-किरण उपकरणं पाठवली होती आणि त्यांनीही जीआरएस १९१५+१०५ चे उसळते स्फोट आणि क्यूपीओ पाहिले. २०१९ मध्ये बेलोनी आणि सहकाऱ्यांनी अ‍ॅस्ट्रोसॅटच्या डेटात दाखवलं की ते "न हलणारं" ६७ हर्ट्झ प्रत्यक्षात ६७.४ ते ७२.३ पर्यंत थोडं हलतं. रॉसीचा काळ संपल्यावर, वीस वर्षं घासून पाहिलेल्या वस्तूत सापडलेली ही गोष्ट आहे. तुझ्या तिसऱ्या प्रश्नाचं माझं उत्तर हेच.

अजूनही आहे. चीनच्या एचएक्सएमटी उपग्रहाने मॅक्सी जे१८२०+०७० मध्ये २०० केईव्हीच्या वरही क्यूपीओ पाहिला. एवढ्या उंच ऊर्जेला डोलणारा भाग कोरोना की जेटचं बूड, हा वाद चालू आहे. जीआरएस १९१५+१०५ स्वतः २०१८ पासून खूप मंद झाला आहे, आपल्याच भोवतालच्या दाट वायूआड गेला आहे. म्हणजे तुझ्या हातातला २०१७ चा डेटा तो झाकला जाण्याच्या थोडं आधीचा आहे. त्याची नीट, सावकाश मोजणी करून ठेवणं हे आज करण्यासारखं काम आहे.

औंढ्यात बसून हे होईल का, असं तू थेट विचारलं नाहीस, पण पत्राच्या शेवटी ते डोकावतंय. होईल. मी नांदेडमध्ये राहून हेच काम वीस वर्षं करते आहे. सुरुवातीला डेटा पुण्याहून सीडीवर आणायचे, रात्रीच्या गाडीने. आता अ‍ॅस्ट्रोसॅटचा डेटा इस्रोच्या संग्रहातून कोणालाही मोफत उतरवता येतो, रॉसीचा नासाच्या संग्रहातून. लॅक्सपीसीची आज्ञावली मोफत, नासाची हीसॉफ्ट मोफत, पायथनमध्ये स्टिंगरे नावाचं पॅकेज मोफत. आठ जीबीचा साधा लॅपटॉप पुरतो. पहाटे उतरवायला लाव, तेव्हा नेट बरं चालतं, आणि उतरवताना तुटलं तर पुन्हा तिथूनच सुरू होईल अशी आज्ञा वापर. एका गोष्टीची उणीव मात्र खरी आहे: शेजारच्या टेबलावर विचारायला माणूस नसतो. त्यासाठी आयुकात अ‍ॅस्ट्रोसॅटचं विज्ञान साहाय्य केंद्र आहे, त्यांना लिही. मलाही लिही. तुझ्या तालुक्यात लायगो-इंडियाचं काम उभं राहतंय, तिथे कृष्णविवरांच्या टकरी गुरुत्वीय लहरींतून ऐकल्या जातील. तिथल्या लहरीही सेकंदाला दहा ते काही हजार वेळा डुलणाऱ्या असतात, आणि गोंगाटातून खरं टोक वेगळं काढायची जी सवय तू आत्ता लावून घेशील तीच तिथे लागते.

तर पुढच्या पत्रात मला चार गोष्टी हव्यात: १/१२८ च्या बिनने पुन्हा काढलेला पॉवर स्पेक्ट्रम, गोंगाटाच्या पठारासह, तीन ऊर्जा-पट्ट्यांतला आरएमएस, ३.४ वरचा फेज लॅग. आणि त्या निरीक्षणातल्या प्रत्येक फेरीत टोक नेमकं कुठे आहे त्याचा तक्ता, संभाव्य चुकीच्या मर्यादेसह. तक्ता आधी पाठव. टोक एकाच निरीक्षणात ३.४ वरून सरकताना दिसलं, तर तुझा प्रकल्प तिथूनच सुरू करू.